आतला पत्रा

या पुस्तकाचा विषय अगदी लहान आहे. जुन्या मोटारीचे इंजिन, गिअरबॉक्स, बाहेरची बॉडी यांपैकी कशालाही इथे हात लावलेला नाही. इथे आहेत ते डॅशबोर्डचा पत्रा, खिडकीच्या आतल्या कडेची चौकट, काच वर-खाली करण्याचे हँडल, दाराची आतली कडी, ॲश-ट्रे, डॅशबोर्डच्या खणाचे झाकण, सन व्हायझरचा दांडा, सीटचा सांगाडा, उंबऱ्यावरची पट्टी, आणि हे सगळे जागच्या जागी धरून ठेवणारे स्क्रू नि क्लिपा. यातल्या बहुतेकांवाचून गाडी चालते. पण गाडीत बसलेल्या माणसाचा हात दिवसभर लागतो तो यांनाच. इंजिनाला मालक वर्षातून किती वेळा शिवतो?

जुनी गाडी दुरुस्त करायला काढली की पैसा आधी इंजिनात जातो, मग बाहेरच्या रंगात. आतल्या भागांची पाळी येईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो आणि मालक थकलेला. मग तो डेंटर-पेंटरला सांगतो, आतले सगळे काढा, घासा आणि रंग मारून टाका. दोन दिवसांत काम उरकते, दिसतेही चकचकीत. फक्त त्या दोन दिवसांत कारखान्याने दिलेला मूळ रंग, हातांनी झिजून गुळगुळीत झालेल्या कडा, पत्र्यावर उठवलेली बारीक अक्षरे आणि पन्नास-साठ वर्षांचा वापर, असे सगळे घासणीखाली निघून जाते. गंज काढणे अवघड नाही. गंजाबरोबर आणखी काय काय निघून जाणार आहे हे आधी ओळखणे अवघड आहे, आणि हे पुस्तक मुख्यतः त्या ओळखण्याविषयी आहे.

नवख्या वाचकाचा पहिला प्रश्न साधा असतो. पाऊस गाडीच्या बाहेर पडतो, मग आत गंज येतो कुठून? उत्तर बहुतेक वेळा समोरच्या काचेच्या रबरात सापडते. रबर कडक होऊन आक्रसले की पाणी काचेच्या खालच्या कोपऱ्यातून डॅशबोर्डच्या मागे उतरते. तिथून ते पायाखालच्या नमद्यात जाते, आणि नमदा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. दारांचे प्रकरण वेगळे. खिडकीच्या काचेवरून पाणी दाराच्या पोकळीत जाणारच, तशी रचनाच असते. ते बाहेर पडावे म्हणून दाराच्या बुडाशी भोके ठेवलेली असतात. ती धूळ-मातीने बुजली की दार पाण्याची टाकी होते. आतल्या पुठ्ठ्यामागचा प्लास्टिकचा कागद कुणीतरी कधीतरी काच दुरुस्त करताना फाडलेला असतो आणि परत लावलेला नसतो. मग पुठ्ठा पाणी ओढतो, फुगतो, त्याच्या क्लिपा गंजतात, आणि एक दिवस हँडल फिरवता फिरवता सगळे पॅनेल हातात येते.

याहून फसवे कारण म्हणजे गाडीवरचे कव्हर. पावसाळ्यात गाडी काचा घट्ट बंद करून, ताडपत्रीने गुंडाळून ठेवण्यात मालकाला समाधान वाटते. दिवसा आतली हवा तापते, ओल्या नमद्यातले पाणी वाफ होऊन हवेत मिसळते, रात्री गार पत्र्यावर तेच पाणी दव होऊन बसते. महिनोन्महिने हे चालू राहते. झाकून ठेवलेली गाडी आतून जास्त गंजते याचे आश्चर्य वाटायला नको. त्यात समुद्र जवळ असला तर हवेतले मीठ भर घालते. रत्नागिरीची किंवा पणजीची गाडी आणि सोलापूरची गाडी शेजारी-शेजारी ठेवून पाहा. सोलापूरच्या गाडीचे रबर नि रेग्झिन उन्हाने तडकलेले असेल, पण पत्रा खणखणीत. किनाऱ्यावरच्या गाडीत उलटे.

गंजाचा स्वभावही ध्यानात घ्यावा लागतो. लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की लोखंडाचे ऑक्साइड तयार होते. ते मूळ धातूपेक्षा कितीतरी पट जास्त जागा व्यापते. म्हणून ते वरच्या रंगाला आतून उचलते, आणि रंगावर दिसणारा फोड नेहमीच त्याखालच्या गंजापेक्षा लहान असतो. शिवाय गंज सच्छिद्र असतो. ओल धरून ठेवतो, आणि त्या ओलीत पुढचा गंज वाढतो. ॲल्युमिनियमवरचे ऑक्साइड धातूला चिकटून बसते आणि पुढची झीज अडवते, तसे लोखंडाचे नशीब नाही. आतल्या भागांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कारखान्यात या भागांच्या दर्शनी बाजूला नीट रंग बसे, पाठीमागे मात्र अनेकदा नुसता अस्तराचा हलका हात. म्हणून गंज मागून सुरू होतो आणि पुढे दिसेपर्यंत त्याने अर्धे काम केलेले असते.

मोटारीच्या आत पत्रा आला तरी कसा, हे थोडक्यात सांगायला हवे. सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांच्या कारागिरांनी बांधल्या. लाकडी सांगाडा, त्यावर पत्रा किंवा कातडे, आत लाकूड नि गादी. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांच्या कारखान्याने डॉज बंधूंसाठी १९१४ च्या सुमारास पूर्ण पोलादी बॉडी बनवायला घेतली, आणि लाकूड हळूहळू मागे पडत गेले. दुसरा बदल रंगाचा. पूर्वी मोटारीला वॉर्निशाचे हात द्यायला नि वाळवायला आठवडे लागत. ड्युपाँटचा नायट्रोसेल्युलोज रंग १९२३ मध्ये जनरल मोटर्सने वापरात आणला आणि हे काम तासांवर आले. त्याचे व्यापारी नाव ड्युको. आपल्याकडच्या पेंटरच्या तोंडी ते नाव इतके रुजले की अजूनही काही गॅरेजांत त्या जातीच्या कुठल्याही रंगाला ड्युकोच म्हणतात.

पत्रा आला, पण लाकडाची हौस गेली नाही. तीस आणि चाळीसच्या दशकांतल्या अमेरिकन गाड्यांत पोलादी डॅशबोर्ड आणि खिडकीच्या चौकटी लाकडासारख्या रंगवलेल्या असत. तळाला पिवळट-तपकिरी रंग, त्यावर कोरलेल्या पट्टीवरून रूळाने उचललेली गडद शाई, आणि त्या शाईतून अक्रोडाच्या किंवा शिसवीच्या रेषा. युद्धानंतरच्या प्लिमथ आणि डिसोटोमध्ये हे काम दिसते. या दोन्ही नावांच्या गाड्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात जुळवल्या, त्यामुळे त्या मराठी संग्राहकांच्या घरी अजून आढळतात. अशा चौकटीवर रुपयाएवढा गंज असेल, तर तेवढा घालवण्यासाठी सगळी चौकट घासून काढणे म्हणजे हाताने काढलेले एक चित्र पुसणे होय. ते परत काढू शकणारी माणसे आज मोजकीच आहेत.

मग आली फियाट. प्रीमियरने १९५० च्या दशकात फियाट ११०० जुळवायला सुरुवात केली. पुढची दारे उलटी उघडणारी तिची पहिली पिढी मुंबई-पुण्यात ‘डुक्कर’ म्हणून ओळखली जाई, आणि हे नाव प्रेमानेच घेतले जाई. त्यानंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ ची डिलाइट, आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. उत्तरपाऱ्याची ॲम्बेसेडर १९५८ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली. या गाड्यांत लाकडाचे सोंग नाही. रंगवलेला पत्रा, एखाददुसरी चकाकती पट्टी, रेग्झिनची सीट, काथ्याचे भरण. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून गाडीच्या अंतर्भागाला सुरक्षेचे नियम लागू झाले आणि उघड्या पत्र्याचे डॅशबोर्ड तिथे संपले, त्यांच्या जागी फोम नि प्लास्टिक आले. आपल्याकडे मात्र पत्र्याचे दिवस बरेच लांबले. सुरक्षेच्या दृष्टीने ही काही अभिमानाची बाब नाही. पण त्यामुळेच आपल्या जुन्या गाड्यांत दुरुस्त करता येण्याजोगा पत्रा भरपूर आहे. ऐंशीच्या दशकातला युरोपीय प्लास्टिकचा डॅशबोर्ड उन्हाने तडकला की त्याचे फारसे काही करता येत नाही.

पत्र्याच्या बरोबरीने दुसरा धातू येतो आणि नवशिक्यांचे सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. काचेचे हँडल, दाराची कडी, बटणांभोवतीच्या वाट्या हे भाग पुष्कळदा पोलादाचे नसतातच. ते जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव काम असते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांचा असा मिश्रधातू तयार केला. झमाक हे त्याचे नाव जर्मन भाषेतल्या त्या चार धातूंच्या आद्याक्षरांतून आलेले. झमाकला तांबडा गंज येत नाही. त्यावर पांढरी पूड धरते, निकेलखाली बारीक फोड येतात. तो भाग पोलाद समजून ॲसिडात टाकला, तर सकाळी भांड्यात हँडलाऐवजी करड्या रंगाचा सांगाडा मिळतो. म्हणून कुठलाही भाग कशातही बुडवण्याआधी त्याला चुंबक लावून पाहावा. हा या पुस्तकातला सर्वांत स्वस्त सल्ला आहे.

आता क्रोम. ज्याला आपण क्रोम म्हणतो तो थर प्रत्यक्षात अतिशय पातळ असतो, मायक्रॉनच्या काही अंशांचा. चकाकी आणि संरक्षण दोन्ही मुख्यतः त्याखालच्या निकेलमुळे येतात, आणि निकेलखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो. निकेलला सूक्ष्म छिद्रे पडली की त्यांतून पोलादाचा गंज टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांनी वर येतो. हे ठिपके पाहून घाबरून भाग प्लेटिंगला देण्याची घाई होते. खरे तर अशा वेळी तेल लावून अगदी बारीक पितळी लोकरीने किंवा चुरगाळलेल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलने हलक्या हाताने पुसले, की ठिपके निघतात आणि क्रोम बहुतेक शाबूत राहतो. वरून मेणाचा हात दिला की पुढच्या पावसाळ्यापर्यंत चिंता नाही. प्लेटिंगवाल्याकडे भाग गेला, की जुना थर उतरवून तो बफिंगच्या चाकावर जातो. चाक धारदार कडा गोल करते आणि उठावाची अक्षरे पुसट करते. नवे क्रोम आरशासारखे येते. कारखान्यातून निघताना तो भाग इतका कधीच चकाकत नव्हता, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

गंज काढण्याच्या पद्धतींविषयी पुस्तकात सविस्तर आहे, इथे त्यांचा नकाशा पुरे. पहिली वाट घासण्याची. काचपेपर, तारेचा ब्रश, वाळूचा मारा. वाळूचा मारा जाड सांगाड्याला ठीक, पण डॅशबोर्डच्या पातळ पत्र्याला तापवून वाकवतो आणि तो वाक नंतर सरळ होत नाही. दुसरी वाट विरघळवण्याची. सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपले लिंबूसत्त्व, लहान भागांना उत्तम. त्याहून सौम्य उपाय मळीचा. साखर कारखान्यातली मळी साधारण नऊ-दहा पट पाण्यात मिसळून तीत भाग एक-दोन आठवडे बुडवून ठेवले, की मळीतले घटक लोखंडाच्या ऑक्साइडला धरून सोडवतात आणि खालच्या चांगल्या पोलादाला जवळपास धक्का लावत नाहीत. वास मात्र असा येतो की शेजाऱ्यांशी संबंध चांगले असावे लागतात. ऊसपट्ट्यातल्या वाचकाला हा उपाय जवळपास फुकटात पडेल.

तिसरी वाट विजेची. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंजलेला भाग ऋण टोकाला आणि भंगार पोलादाचा तुकडा धन टोकाला जोडून बॅटरी चार्जरने प्रवाह सोडला की गंज सैल होतो. दोन सूचना मात्र पक्क्या. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. आणि हे काम उघड्यावर करावे, कारण त्यात हायड्रोजन निघतो. क्लिपा आणि स्प्रिंगा मात्र या पाण्यात घालूच नयेत. हायड्रोजन कडक पोलादात शिरतो, ते ठिसूळ होते आणि क्लिप बसवतानाच तुटते.

चौथी वाट मला सर्वांत आवडते. ती गंज काढत नाही, त्याचे रूप बदलते. फॉस्फोरिक ॲसिड गंजाचे लोह-फॉस्फेट करते, टॅनिन त्याचे काळे-निळे लोह-टॅनेट करते. बाजारात मिळणाऱ्या अनेक गंजरोधक द्रावणांत टॅनिनच असते. आपल्याकडे ही रसायनविद्या फार जुनी आहे. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, एकत्र आले की काळी शाई होते, आणि रंगाऱ्यांनी कापडावर काळा रंग याच मेळातून आणला. सह्याद्रीत हिरडा गोळा करणाऱ्यांना तो कातडी कमावण्यासाठी आणि औषधासाठी विकला जातो हे ठाऊक असते. मोटारीच्या दाराच्या पोकळीत, जिथे ब्रश पोचत नाही आणि घासणी फिरत नाही, तिथे टॅनिनचे द्रावण गंजाला काळे करून थांबवते. त्यावर प्राइमर नि रंग मात्र हवाच. नुसते काळे झाले म्हणून काम झाले असे नाही. लेझरने गंज उडवण्याची यंत्रेही आता आली आहेत. घरच्या गॅरेजात ती परवडण्याजोगी होतील तेव्हा त्यांच्याविषयी बोलू.

स्वच्छ केलेला पत्रा जुलैच्या मुंबईत उघडा ठेवला, तर चहा पिऊन परत येईपर्यंत त्यावर तांबूस झाक आलेली असते. म्हणून प्राइमरची तयारी आधी, घासणे नंतर. रंगाबाबत एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती समजल्याने पुष्कळ मूळ रंग वाचतो. जुना नायट्रोसेल्युलोज रंग थिनरमध्ये परत विरघळतो. त्यामुळे लहान डागावर त्याच जातीचा नवा रंग दिला, तर तो जुन्यात मिसळतो आणि सांधा दिसत नाही. आजचा हार्डनर घातलेला रंग तसा मिसळत नाही, त्याची कड कायम उठून दिसते. पावडर कोटिंग सीटच्या सांगाड्याला चालेल, डॅशबोर्डच्या नाजूक भागांना नाही. त्याचा थर जाड बसतो, कडा बोथट होतात, स्क्रूची भोके अरुंद होतात. आणि जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता नेहमी असते, तेव्हा कोरडे घासू नये. पाण्याचा पेपर, तोंडावर मास्क आणि घरातली मुले दूर.

पद्धती अनेक असल्या तरी त्यांच्यामागचे प्रश्न थोडे आहेत, आणि ते मोटारीहून जुने आहेत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक जुन्या इमारतींना त्यांच्या आदर्श रूपात नेत होते, मग ते रूप प्रत्यक्षात कधी असो वा नसो. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये अशा जीर्णोद्धाराला विध्वंसच मानले, आणि १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारती जशा आहेत तशा जपण्यासाठी संस्था काढली. मोटारींच्या जगात हाच वाद शंभर वर्षांनी आला.

अमेरिकेत पेबल बीचचे प्रदर्शन १९५० मध्ये सुरू झाले. तिथल्यासारख्या स्पर्धांनी नव्याहून नवी दिसणारी गाडी हा आदर्श पक्का केला. परीक्षक गुण कापतात म्हणून मालक ॲश-ट्रेच्या आतल्या बाजूलाही आरसा करू लागले. त्याची प्रतिक्रिया हळूहळू उमटली. आता अशा प्रदर्शनांतच मूळ स्थितीत जपलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद फ्रेड सिमिओन यांनी आपल्या संग्रहालयातून आणि लेखनातून हाच आग्रह धरला. फिवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये तुरिनची सनद स्वीकारली. इमारतींच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा तिच्यावर उघड प्रभाव आहे. कमीत कमी हस्तक्षेप करा, केले ते लिहून ठेवा, बदललेल्या भागावर ओळखीची खूण करा, असा तिचा रोख. २०१५ मध्ये पॅरिसला बायाँ घराण्याच्या शेतावरच्या पडवीतून काढलेल्या गाड्यांचा लिलाव झाला. त्यातल्या पुष्कळ धुळीने माखलेल्या, काही तर गंजून कोसळलेल्या होत्या, आणि त्या तशाच विकत घेणाऱ्यांची झुंबड उडाली. धूळ हाही मौल्यवान थर ठरला. हे जरा अतीच झाले असे मला वाटते. उंदरांनी पोखरलेली सीट जपण्यात इतिहासाचा काय लाभ?

आपल्याकडची तिसरी परंपरा कुठल्या सनदेत नाही. ती बाजारात आहे. कुर्ल्याच्या भंगारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, चेन्नईच्या पुदुपेटमध्ये, दिल्लीच्या मायापुरीत. एका फियाटचे हँडल दुसरीला, ॲम्बेसेडरचा स्क्रू तिसरीला, आणि मिळालेच नाही तर फिटर पट्टी कापून नवा भाग वाकवून देतो. या परंपरेला जुगाड म्हणून हिणवायची रीत आहे, ती मला मान्य नाही. जुन्या गाड्या रस्त्यावर राहिल्या त्या याच माणसांमुळे. पण तिचा दोषही मोठा आहे. तिला मूळ आणि बदल यांत फरक करण्याची गरजच वाटत नाही, म्हणून दोन पिढ्यांनंतर त्या गाडीत मूळ काय होते हे सांगणारा कुणी उरत नाही. चौथा पंथ जुन्या कवचात नवे इंजिन नि स्क्रीन घालणाऱ्यांचा. त्यांच्याशी या पुस्तकाचे भांडण नाही आणि कामही नाही.

पहिल्या तिन्ही दृष्टींची खरी परीक्षा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीत होते. समजा, एखाद्याने निवृत्त टॅक्सी विकत घेतली. तिच्या टपाला फुलाफुलांचे चमकदार अस्तर आहे, डॅशबोर्डवर देवाच्या फोटोसाठी पाडलेली भोके आहेत, सीटवर रेग्झिनचे नवे आवरण आणि खाली मूळ गंजलेला सांगाडा. प्रदर्शनाच्या दृष्टीने हे सगळे काढून खासगी मालकाची पद्मिनी करावी लागेल. सनदेच्या दृष्टीने टॅक्सीचे आयुष्य हाच तिचा इतिहास, तेव्हा भोके बुजवू नयेत, त्यांच्या कडांचा गंज तेवढा थांबवावा. २०१५ मध्ये टॅक्सी फॅब्रिक नावाच्या उपक्रमाने तरुण चित्रकारांकडून या टॅक्सींची आतली अस्तरे चितारून घेतली. तेव्हापासून तर ते अस्तरही कलेचा नमुना झाले. माझे मत सनदेच्या बाजूचे आहे, एक अट घालून. सीटची रेल, सांगाडा आणि सीटबेल्टचे अडकवे हे सजावटीत मोडत नाहीत. तिथला खोल गंज जपायचा नसतो. तो भाग बदलायचा असतो किंवा जाणकाराकडून वेल्डिंग करून घ्यायचा असतो. माणसाच्या जिवाशी संबंध असलेल्या धातूला इतिहासाची सवलत नाही.

हे सगळे आत्ताच का? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. २० वर्षांच्या मर्यादेने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. त्यानंतर भंगारात नवे सुटे भाग येणे थांबले. जे आहेत ते वितळण्याआधी वाचवायचे आहेत. दुसऱ्या बाजूला केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, मात्र सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. पहिल्या पद्मिनींनी ती पन्नाशी आता ओलांडली आहे. काल-परवापर्यंत जी गाडी म्हातारी म्हणून विकली जात होती, तिला कायद्याने वारशाचे दार उघडले, आणि दार उघडताच मालकांची धाव पेंटरकडे सुरू झाली. क्रोमचीही वेळ बदलते आहे. प्लेटिंगमध्ये वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघाने २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड परवानगीविना वापरण्यास बंदी घातली. जुन्या पद्धतीचे क्रोम महाग आणि दुर्मीळ होत जाणार, म्हणजे आहे ते क्रोम टिकवण्याला किंमत येणार. आणि निकेलचे हात देणारे, काथ्याच्या सीटा भरणारे, पत्र्यावर लाकूड रंगवणारे कारागीर वयस्क झाले आहेत.

मराठीत मोटारींवर लिहिले गेले ते बहुतांशी चालवण्यावर, प्रवासावर आणि इंजिनाच्या दुरुस्तीवर. आतल्या भागांचे ज्ञान कारागिरांच्या बोलण्यात राहिले आणि त्याला कागद मिळाला नाही. हे पुस्तक तो कागद देण्याचा प्रयत्न करते, पण पाककृतीच्या पद्धतीने नाही. अमुक भाग, अमुक द्रावण, अमुक तास असा तक्ता इथे मिळणार नाही, कारण तोच गंज सोलापुरात एका उपायाने थांबतो आणि मालवणात थांबत नाही. त्याऐवजी प्रत्येक भागाकडे काही प्रश्न घेऊन जायची सवय लागावी असा हेतू आहे. धातू कोणता, गंज वरचा की खोल, मूळ थर किती उरला आहे, पाणी आले कुठून, आणि काहीच केले नाही तर काय होईल? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कित्येकदा ‘फारसे काही नाही’ असे येते. तेव्हा मेणाचा हात देऊन भाग परत बसवावा. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत पन्नासच्या दशकात तयार झालेले सूक्ष्मस्फटिकी मेण आज इथेही मागवता येते. ते रंग बदलत नाही आणि पुढच्या माणसाला ते काढायचे असले तर सहज निघते.

छायाचित्रे मुद्दाम कामाआधीची जास्त घेतली आहेत. दुरुस्त झालेला डॅशबोर्ड कुठेही पाहायला मिळतो. गंजलेल्या डॅशबोर्डवर काय काय वाचता येते ते दाखवायचे होते. सीटच्या शिवणकामाचा भाग थोडक्यात उरकला आहे, कारण तो विषय स्वतंत्र पुस्तकाचा आहे आणि मला त्यातले पुरेसे कळत नाही. बाकी वाचकाने कुठूनही सुरुवात करावी. फक्त एखादा स्क्रू सोडवण्याआधी गाडीच्या काचेचे रबर आणि दाराच्या बुडाची भोके तपासून घ्यावीत, नमदा उचलून खाली हात घालून पाहावा. तो ओला असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी गळती शोधावी.